नकाशा कोणाच्या हाती?

परवाच्या व्याख्यानाच्या आरंभीच ध्वनिवर्धक बंद पडला, हे श्रोत्यांना स्मरत असेलच. अध्यक्षांचे ओठ हलत होते, परंतु चौथ्या रांगेपलीकडे शब्द पोहोचत नव्हता. तेव्हा मंडपाच्या कडेला बसलेला एक विशीतला मुलगा उठला. त्याने प्रथम पेटीवरचा दिवा पाहिला. मग माईकच्या वायरीचे टोक पेटीतून काढून त्या जागी एका बारीक तारेने बोट टेकवले. कर्ण्यातून 'घूं' असा आवाज आला. 'पेटी आणि कर्णा ठीक आहेत, दोष माईकच्या बाजूला आहे,' असे म्हणून त्याने वायरीच्या टोकाचे दोन स्क्रू काढले. आत तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढला होता. पात्याने तो खरवडून, नवा डाख देऊन, दहा मिनिटांत त्याने सभा पुन्हा बोलती केली. समारोपाच्या वेळी मंडपवाल्यापासून पाणी देणाऱ्यापर्यंत सर्वांचे आभार मानले गेले. त्या मुलाचे नाव यादीत नव्हते, कारण यादी आधीच लिहिली होती.

आमचे व्याख्यान याच विषयावर होते, म्हणून ही गोष्ट आम्ही लेखाच्या माथ्यावर घातली आहे. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि पुढे युनियनच्या कचेरीत झाले. त्यामुळे इतिहास वाचताना आमची दृष्टी जरा निराळ्या ठिकाणी जाते. यंत्र कोणी शोधून काढले हे पुस्तकात असते. ते बंद पडल्यावर कोणी चालू केले, हे नसते. आपल्या प्रांतात रेडिओ आल्याला आता शंभर वर्षे उलटून गेली. या शंभर वर्षांकडे आम्ही दुरुस्ती करणाऱ्याच्या स्टुलावर बसून पाहणार आहोत. आमचे म्हणणे एवढेच आहे की, दोष शोधण्याची विद्या नकाशावर चालते. आणि नकाशा काम करणाऱ्याच्या हातून काढून घेतला की दोषही त्याच्याच माथी मारता येतो.

प्रथम त्या हिरव्या थराविषयी. कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. हवेतील आर्द्रता शेकडा ७५ च्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढू लागते. गणपतीपुळ्यासारख्या गावी लाटांचे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर घरात येतात, सुकतात, आणि मागे मीठ राहते. हे मीठ वायरीच्या सांध्यावर बसले आणि हवा दमट झाली की तेथे खाऱ्या पाण्याचा पापुद्रा तयार होतो. खारे पाणी विजेला वाट देते. एका बाजूस धन आणि दुसऱ्या बाजूस ऋण दाब असेल तर धन बाजूचे तांबे हळूहळू खाल्ले जाते. आपल्या आज्या पितळेच्या पातेल्याला कल्हई लावून घेत, ती ताक-आमटी कळकू नये म्हणून. कल्हईवाला जे कथील वापरी तेच कथील रेडिओच्या डाखात असते. पूर्वी त्यात शिसे मिसळीत. शंभरात साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे, हे प्रमाण सर्वत्र चाले. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. कल्हईवाल्याचा नवसागर रेडिओत चालत नाही. त्याचा अंश सांध्यात राहिला तर तोच तार खातो. रेडिओला राळ लागते. कोकणातील कित्येक संच समुद्राने नव्हे, तर असल्या घाईच्या डाखाने मेले असतील.

आता इतिहासाकडे वळू. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ साली पहिला कार्यक्रम प्रक्षेपित केला. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती. ही खाजगी कंपनी १९३० साली बुडाली आणि सरकारने केंद्रे आपल्याकडे घेतली. १९३६ साली त्या खात्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. ही सनावळी सर्वत्र सापडते. तीत न सापडणारी गोष्ट अशी की, आरंभीचा श्रोता हा बव्हंशी कारागीरही होता. गॅलिनाचा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, एक वेटोळे आणि कानाला लावायचे यंत्र, एवढ्या सामग्रीवर बॅटरीवाचून जवळचे केंद्र ऐकू येई. खड्यावरची नेमकी जागा सापडेपर्यंत तार हलवीत बसावे लागे. ऐकणे आणि दुरुस्त करणे ही तेव्हा दोन कामे नव्हती.

पुढे व्हॉल्व्हचे संच आले. काचेच्या नळीतली तापलेली तार, तिच्याभोवती जाळी, आणि बाहेर पत्रा. जाळीवरचा लहानसा दाब पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह आवरतो, ही त्याची युक्ती. जेथे वीज नव्हती तेथे सुक्या बॅटऱ्यांवर संच चाले. नळीतली तार तापविण्यास सुमारे दीड व्होल्टची एक बॅटरी आणि पत्र्यासाठी ९० व्होल्टची दुसरी. ही दुसरी महाग असे. त्यामुळे खेड्यात रेडिओ म्हणजे बातम्यांपुरता उघडायचा आणि पुन्हा झाकून ठेवायचा ऐवज होता.

या संचांची एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. पेटीच्या आत कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो याचा कागद पुष्कळदा चिकटवलेला असे, आणि कारखाने दुरुस्तीसाठी जी पुस्तिका काढीत तीत सर्किटचा सबंध नकाशा असे. कोणत्या टोकाला किती दाब असावा, हेही आकड्यांत दिलेले असे. नकाशा आणि मीटर हाती असला की सामान्य बुद्धीचा माणूसही दोष शोधू शके. रीत अशी: संचाचे मनाने दोन भाग करायचे. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाच्या मधल्या टोकाला, हाती धरलेली वस्तू चांगली वेष्टित आहे याची खात्री करून, स्पर्श करायचा. घूं आवाज आला तर तेथून कर्ण्यापर्यंतचा अर्धा संच निर्दोष. मग पहिल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. सोळा ठिकाणी दोष असण्याचा संभव असेल तर चार परीक्षांत जागा सापडते. परवा त्या मुलाने हेच केले. सोळा ठिकाणे एकामागून एक चाचपीत बसणारा माणूस कष्टाळू असेल, परंतु तो कारागीर नव्हे.

एकदोन ठळक दोषही सांगून ठेवतो. संच गाण्याखाली सतत गुणगुणत असेल तर विजेचा दाब सपाट करणारा मोठा कंडेन्सर सुकला असे समजावे. आवाज फाटका येतो आणि शेवटचा व्हॉल्व्ह फाजील तापतो, असे असेल तर त्याच्या जाळीकडे जाणारा कागदी कंडेन्सर पाझरतो आहे. मागल्या व्हॉल्व्हच्या पत्र्यावरचा धन दाब त्यातून जाळीवर उतरतो आणि प्रवाह अनावर होतो. तापलेला व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही. नवाही तसाच जळेल. जळला तो दोषी नसून जळवणारा दुसराच असतो, हा धडा आम्ही रेडिओपासून शिकलो आणि पुढे तो आम्हाला युनियनच्या कामात वारंवार उपयोगी पडला. आणखी एक सावधगिरी: वीज बंद केली तरी मोठा कंडेन्सर आपला साठा काही काळ धरून राहतो. तो रिता केल्याशिवाय आत हात घालू नये.

ही विद्या केवळ करमणुकीच्या कामी आली असे नव्हे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि नेते तुरुंगात गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ४२.३४ मीटरवर काँग्रेसचा गुप्त रेडिओ बोलू लागला. विशीतल्या उषा मेहता, त्यांचे सहकारी विठ्ठलदास खाकर आणि चंद्रकांत झवेरी यांची नावे आपण जाणतो. डॉ. राममनोहर लोहिया यांचा त्यामागे हात होता. काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविणाऱ्या शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांचे साहाय्य होते. युद्ध सुरू झाल्यापासून हौशी मंडळींना प्रक्षेपणाची बंदी होती. सुटे भागही विचारपूस झाल्यावाचून मिळणे कठीण. अशा काळात यंत्र जुळवायचे, ते चालते ठेवायचे आणि पुनःपुन्हा जागा बदलून नव्या घरात मांडायचे, हे काम किती अवघड असेल याची कल्पना करावी. या तरंगलांबीला सोयीची अर्ध्या तरंगाची तार म्हणजे सुमारे ७० फूट होते. ती उघड्यावर टांगायची, आणि तरी कोणास दिसू द्यायची नाही! दिशा दाखविणारी वेटोळ्याची एरियल फिरवून पोलीस दोन ठिकाणांहून रोख घेतात, आणि दोन रेषा जेथे मिळतात तेथे केंद्र सापडते. म्हणून एका जागी फार दिवस राहणे म्हणजे स्वतः होऊन पत्ता देणे होते.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी महालक्ष्मीजवळच्या घरात हे केंद्र पकडले गेले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. मोटवानी पुढे निर्दोष सुटले. परंतु केंद्र सापडले ते यंत्राच्या चुकीने नव्हे. यंत्र जाणणारी माणसे मोजकीच होती, त्यांतला एक तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने ठिकाण दाखविले. त्या माणसाला शिव्या देणे सोपे आहे. आम्ही मात्र त्यातून संघटनेचा धडा घेतो. बोलणारे पुष्कळ आणि यंत्र जाणणारे एकदोन, अशी वाटणी असली म्हणजे सारे कार्य त्या एकदोघांच्या धैर्यावर टांगलेले राहते. विद्या जितक्या हातांत पसरलेली तितकी ती सुरक्षित.

याच्या उलट उदाहरण त्याच मुंबईत अठरा वर्षांनी घडले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी एक गणकयंत्र बांधले आणि ते १९६० साली चालू झाले. पुढे त्यास टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टन्स होते. आता हिशेब करून पाहा. एक व्हॉल्व्ह सरासरी १०,००० तास टिकतो असे धरले, तरी २,७०० व्हॉल्व्हांच्या मेळ्यात दर पावणेचार तासांनी एक जाणार. म्हणजे असले यंत्र बांधणे हे अर्धे काम. रोज त्यातला दोष हुडकणे हे उरलेले अर्धे. तरी ते यंत्र वर्षानुवर्षे उपयोगी पडले, कारण बांधणारे आणि दुरुस्त करणारे हात एकच होते. प्रत्येक तार कोठून कोठे जाते याचा नकाशा त्यांनीच काढला होता.

हे चालले असताना व्हॉल्व्हचा काळ मावळत होता. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत ट्रान्झिस्टर जन्मास आला. १९६२ साली आपल्या देशात बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होऊ लागले. ९० व्होल्टच्या बॅटरीची जागा चार लहान सेलनी घेतली आणि रेडिओ शेताच्या बांधावर व होडीत जाऊन बसला. मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन आले; रत्नागिरीस आकाशवाणीचे केंद्र १९७७ साली झाले. तारांचे जंगल जाऊन छापील सर्किटची पाटी आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग तोळ्यामाशाने नव्हे तर टोपलीने विकले जाऊ लागले. लोकांचा यात लाभच झाला, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो.

परंतु कारखान्यात त्याच वेळी दुसरे काही घडत होते. १९७३ साली अंधेरीस निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक्सचे खास क्षेत्र निघाले. ठाण्याकडेही कारखाने होतेच. सरकत्या पट्ट्याशी बहुतेक तरुण मुली बसत. एकीने तीन भाग बसवायचे, दुसरीने पुढचे तीन. त्यांच्या बोटांचे कौतुक होई, परंतु त्या पाटीत काय चालते हे त्यांना सांगण्याची आवश्यकता कोणास वाटत नसे. राळेचा धूर नाकात जाऊन दमा लागतो, हेसुद्धा पुष्कळ ठिकाणी सांगितले जात नसे.

अशाच एका कारखान्यात १९९६ साली आम्ही होतो. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे काळे-पांढरे दूरदर्शन संच होत. एका तुकडीतले संच विक्रीनंतर चारसहा महिन्यांनी परत येऊ लागले; चित्र वरून-खालून आक्रसत असे. तपासणीत एक लहान कंडेन्सर उलटा बसलेला आढळला. या कंडेन्सरला धन आणि ऋण अशी दोन ठरलेली टोके असतात. उलटा बसला आणि दाब थोडा असला, तर तो कारखान्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होतो. पुढे आतल्या आत पाझरून महिन्यांनी दगा देतो. ती जागा आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या एका ताईंची होती. त्यांना आरोपपत्र मिळाले, निलंबन झाले, आणि पहिले ९० दिवस निम्म्या पगारावर काढण्याची पाळी आली. त्या आम्हाला एवढेच म्हणाल्या, 'भाऊ, पाटीवर जिकडे अधिकची खूण होती तिकडेच मी अधिकचे टोक घातले. खूण चुकीची असली तर मला काय कळणार?'

चौकशीत आम्ही सर्किटचा नकाशा मागितला. तो गुप्त आहे, असे उत्तर मिळाले. तेव्हा आम्ही लॅमिंग्टन रोडवरच्या एका वृद्ध दुरुस्तीकारांकडे गेलो. भंगारातून मिळालेली त्याच तुकडीची एक कोरी पाटी त्यांच्यापुढे ठेवली. दोन रात्री बसून, मीटरची एक सुई येथे आणि दुसरी तेथे लावून, काकांनी त्या भागाचा नकाशा वहीच्या कागदावर उतरविला. आम्ही शेजारी बसून आकडे लिहीत होतो. पाटीवर छापलेली अधिकची खूण ऋण रेषेच्या भोकापाशी होती! चूक छपाईच्या फर्म्यातली होती. नव्या छपाईच्या पाट्या नेमक्या ताईंच्या पाळीला आल्या होत्या, एवढाच त्यांचा अपराध. तो वहीचा कागद आणि ती कोरी पाटी चौकशीत मांडल्यावर आरोपपत्र मागे घेतले गेले. तोवर चार महिने लोटले होते. परत घेतल्याचे पत्र चार ओळींचे होते. चूक कोणाची, याविषयी त्यात एक शब्दही नव्हता. ताईंनी ते दोनदा वाचले, घडी करून पिशवीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर येऊन बसल्या. पुढे दर शनिवारी कामानंतर काकांच्या दुकानी सहासात बाया मीटर धरायला शिकत, त्यांत त्या होत्या.

आमचे मत त्या दोन रात्रींत पक्के झाले. मजुरी, भत्ता, सुट्टी यांच्यासाठी आम्ही जन्मभर भांडलो आणि ते योग्यच होते. परंतु आपण काय करतो हे जाणण्याचा हक्क आमच्या मागण्यांच्या पत्रकात फार उशिरा आला. तो आधी यायला हवा होता.

कोणी म्हणेल, हा जुना काळ झाला. आता मोबाईलच्या पाटीवरचा रेझिस्टन्स एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या वस्तूला कोण डाख देणार? याला आमचे उत्तर असे की, देणारे आहेत. गल्लोगल्ली, दुर्बिणीखाली, गरम हवेच्या झोतावर मुले हे काम करीत आहेत. अडचण दाण्याच्या आकाराची नाही. नकाशा मिळत नाही, सुटा भाग मिळत नाही, आणि झाकण उघडू नये असे बांधलेले असते, ही खरी अडचण. या हक्काची जाणीव जगभर होत आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडली. पाऊल योग्य दिशेचे आहे. ग्राहकाच्या हक्काबरोबर त्यात कामगाराचाही हक्क धरला जावा, एवढीच आमची पुस्ती.

शेवटी गावाच्या पातळीवर एक सूचना करतो आणि थांबतो. परवा सभा संपल्यावर आम्ही त्या मुलाला विचारले, 'हे कोठे शिकलास?' तो म्हणाला, 'बंद पडलेल्या वस्तू उघडून.' उघडलेल्या प्रत्येक वस्तूचा नकाशा तो वहीत काढून ठेवतो. अशा वह्या पुष्कळ घरांत असतील, आणि त्या रद्दीत जातील. गावच्या वाचनालयात एक कपाट या वह्यांसाठी ठेवावे. त्यात जुन्या रेडिओच्या पुस्तिका असाव्यात, पंपाच्या आणि होडीवरच्या यंत्रांच्या असाव्यात, आणि खाऱ्या वाऱ्यात कोणता सांधा किती दिवस टिकला याच्या नोंदी असाव्यात. कपाटाला कुलूप नसावे. पहिली वही त्या मुलाची घ्यावी, आणि तिच्यावर त्याचे नाव लिहावे. आभाराच्या यादीतून ते राहून गेले आहे.